पाटी वाचता येते, तरी दिसत नाही

वऱ्हाडातल्या कुठल्याही नेत्र-ओपीडीत बसणाऱ्या डॉक्टरला ही तक्रार ओळखीची असते. चाळिशी-पन्नाशीतला कुणी येतो आणि सांगतो, "डोयापुढं भुरकट भुरकट दिसते." पाटी लावली तर खालच्या ओळीपर्यंत वाचून होते. मोतीबिंदू नाही, काचबिंदू नाही, पडदा ठीक. थेंब लिहून दिले जातात, चष्मा बदलतो आणि दोन-तीन महिन्यांनी तोच माणूस पुन्हा रांगेत असतो. झोप लागते का, कामात मन लागते का, हे त्याला सहसा विचारले जात नाही. आणि मनाची गोष्ट घेऊन डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचे कुणाला सुचेल?

'डोळ्यांत काही नाही' असा शेरा मारून अशा माणसाला घरी पाठवणे सोपे आहे. गेल्या वीसेक वर्षांतले संशोधन पाहिले तर तो शेरा घाईचा वाटतो. नैराश्यात, स्किझोफ्रेनियात, पार्किन्सनमध्ये, दारू अचानक सुटल्यावर माणसाच्या दिसण्यात खरोखर फरक पडतो, आणि काही ठिकाणी तो थेट डोळ्याच्या पडद्यावर मोजता आला आहे. याच संशोधनाच्या नावावर फुगवलेल्या बातम्याही भरपूर खपल्या. त्यामुळे दाणे आणि फोल वेगळे करूनच पुढे जावे लागते.

हा प्रश्न वऱ्हाडात मांडण्याला कारण आहे. वऱ्हाडाचे, म्हणजे अमरावती विभागाचे, नाव देशभर झाले ते शेतकरी आत्महत्यांमुळे. त्या आकड्यांवर विधानसभेत आणि वर्तमानपत्रांत जितके बोलले गेले, त्याच्या पावपटही त्यांच्यामागच्या आजारावर बोलले गेले नाही. २०१५-१६ मध्ये बंगळुरूच्या निम्हान्सने राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले तेव्हा निवडलेल्या १२ राज्यांत महाराष्ट्र नव्हता. मात्र अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत 'विश्राम' नावाचा कार्यक्रम राबवला गेला. पूर्ण नाव 'विदर्भ स्ट्रेस अँड हेल्थ प्रोग्रॅम'. मागे गोव्याची 'संगत' ही संस्था आणि मानसोपचारतज्ज्ञ विक्रम पटेल यांचा गट. गावातलेच कार्यकर्ते, थोडे प्रशिक्षण घेतलेले समुपदेशक आणि गरज पडली तर मानसोपचारतज्ज्ञ अशी त्याची रचना होती. २०१७ साली 'लॅन्सेट सायकिअॅट्री'त त्याचे निष्कर्ष आले. सुरुवातीला प्रौढांमध्ये नैराश्याचे प्रमाण १४.६ टक्के होते, दीड वर्षाने ११.३ टक्के झाले. नैराश्य असलेल्यांपैकी कसलीही मदत घेणारे ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. वर्षभरात आत्महत्येचे विचार मनात आलेल्यांचे प्रमाण ५.२ वरून २.५ टक्क्यांवर आले.

या आकड्यांतला मला सगळ्यांत बोलका वाटतो तो पहिला ४.३. म्हणजे गावात नैराश्य असलेल्या शंभरातले पंचाण्णवहून अधिक जण त्यासाठी कुणाकडेच जात नव्हते. पण हेच लोक डॉक्टरची पायरीच चढत नव्हते असे मात्र समजू नये. नैराश्य असलेला माणूस दवाखान्यात जातो, फक्त दुसऱ्या तक्रारी घेऊन: अंगात ताकद नाही, डोके जड, छातीत धडधड, झोप नाही, डोळ्यापुढे अंधारी. यातली 'अंधारी' अनेकदा पंडुरोगाची किंवा कमी रक्तदाबाची असते, ती आधी तपासावीच लागते. 'भुरकट' मात्र वेगळे प्रकरण आहे.

दवाखान्यात टांगलेली अक्षरांची पाटी उट्रेख्टचे हर्मन स्नेलन यांनी १८६२ मध्ये केली. पांढऱ्या शुभ्र पृष्ठावर काळीकुट्ट अक्षरे, खाली खाली बारीक होत जाणारी. ही पाटी एकच गोष्ट मोजते: किती लहान वस्तू दिसते. पण रोजचे जग काळ्या-पांढऱ्यात छापलेले नसते. मळ्यातल्या मातीवरची मळकट दोरी, संध्याकाळी रस्त्यावरचा करडा दगड, घरातल्या अंधाऱ्या पायऱ्या, समोरच्याच्या चेहऱ्यावरची पुसट छटा, हे सगळे ओळखायला उजेड-सावलीतला बारीक फरक कळावा लागतो. त्याला कॉन्ट्रास्ट म्हणतात. एखाद्याला शेवटची ओळ वाचता येऊनही कॉन्ट्रास्ट कमी दिसू शकतो. भुरकट दिसते म्हणजे बहुतेक वेळा हेच, आणि नैराश्याच्या संशोधनाचा धागा नेमका इथे लागतो.

२०१० मध्ये जर्मनीतल्या फ्रायबुर्ग विद्यापीठात एमान्युएल बुब्ल, लुडगर टेबार्ट्झ फान एल्स्ट आणि सहकाऱ्यांनी नैराश्याचे ४० रुग्ण आणि ४० निरोगी माणसे तपासली. रुग्णांतले निम्मे औषधावर होते, निम्मे नव्हते. समोरच्या पडद्यावर बुद्धिबळाच्या पटासारखी चौकट उलटसुलट होत राहते आणि तिचा काळा-पांढरा फरक टप्प्याटप्प्याने बदलतो. डोळ्याला लावलेल्या नाजूक इलेक्ट्रोडमधून डोळ्याच्या पडद्यातल्या पेशींचा विद्युत प्रतिसाद नोंदला जातो. इथे रुग्णाला काही सांगावे लागत नाही, बटण दाबावे लागत नाही. त्यामुळे 'उदास माणूस परीक्षेत लक्षच देत नाही' हा नेहमीचा आक्षेप बराचसा गळून पडतो. निरोगी माणसांत कॉन्ट्रास्ट वाढला की प्रतिसादही वाढत गेला. रुग्णांत ही वाढ ठळकपणे कमी होती, औषधे चालू असोत वा नसोत. नैराश्य जितके तीव्र, तितका प्रतिसाद मंद. पुढे याच गटाने बरे झालेल्या रुग्णांना पुन्हा तपासले, तेव्हा तो प्रतिसाद सुधारलेला आढळला. पडद्यातल्या काही पेशी डोपामिन वापरतात आणि कॉन्ट्रास्टची जुळवाजुळव करण्यात त्यांचा वाटा असतो. नैराश्यात डोपामिनचे तंत्र बिघडत असावे असे आधीपासून मानले जात होते. दुवा जुळण्यासारखा आहे.

इथे थांबून सावध व्हायला हवे. चाळीस विरुद्ध चाळीस हा आकडा मोठा नाही आणि पुढच्या मोजमापांत हा परिणाम दर वेळी तितक्याच जोराने आलेला नाही. दुसरे म्हणजे हा गटांच्या सरासरीतला फरक आहे. एकट्या माणसाच्या डोळ्याची तपासणी करून 'तुला नैराश्य आहे' असे सांगता येत नाही. मोतीबिंदू, काचबिंदू, मधुमेह, नुसते वय, या सगळ्यांनी कॉन्ट्रास्ट कमी होतो. तरीही 'भुरकट दिसते' म्हणणाऱ्या उदास माणसावर विश्वास ठेवायला एवढा पुरावा पुरेसा आहे.

वर्तमानपत्रांना मात्र एवढ्यावर समाधान नव्हते. 'उदास माणसाला जग राखाडी दिसते' ही बातमी फार गोड लागते. २०१५ मध्ये 'सायकॉलॉजिकल सायन्स' या नियतकालिकात एक शोधनिबंध आला: दुःखी चित्रफीत पाहिलेल्या विद्यार्थ्यांना निळ्या-पिवळ्या रंगांतला फरक कमी कळतो, लाल-हिरव्यातला मात्र कळतो. जगभर मथळे झाले. मग वाचकांनीच आकडेमोडीतली खोट दाखवून दिली, दोन्ही रंगजोड्यांतला फरक थेट तपासलाच नव्हता, आणि लेखकांनी काही महिन्यांत निबंध मागे घेतला. मागे घेतल्याची बातमी अर्थातच तितकी छापली गेली नाही. मँचेस्टरमध्ये २०१० साली रंगांचे एक चक्र दाखवून 'तुमच्या आजच्या मनःस्थितीचा रंग कोणता' असे विचारले होते. नैराश्यातले लोक राखाडीकडे आणि निरोगी लोक पिवळ्याकडे झुकले. हा अभ्यास चांगला आहे, पण तो मनःस्थितीला दिलेल्या रंगाबद्दल आहे, डोळ्याला दिसलेल्या रंगाबद्दल नाही. दोन्हींची सरमिसळ केली की मथळा तयार होतो आणि शास्त्र बाजूला राहते.

पडद्याच्या मागे, मेंदूत, चित्र आणखी गमतीदार आहे. आपला मेंदू दिसणारी प्रत्येक गोष्ट तिच्या शेजारच्या गोष्टीशी ताडून पाहतो आणि आजूबाजूला तसेच पट्टे असतील तर मधल्या पट्ट्यांचा प्रतिसाद दाबून टाकतो. त्यामुळे निरोगी माणूस काही ठिकाणी चक्क फसतो, मधला भाग आहे त्याहून वेगळा दिसतो. हेलसिंकी विद्यापीठात विल्यामी साल्मेला आणि सहकाऱ्यांनी शंभराहून अधिक नैराश्याच्या रुग्णांवर हे तपासले आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध केले. उजेडाचा भ्रम रुग्ण आणि निरोगी दोघांनाही सारखाच झाला, पण कॉन्ट्रास्टचा भ्रम रुग्णांना कमी झाला. त्याआधी २००९ मध्ये जूली गोलम्ब यांच्या गटाला नैराश्यातून बाहेर आलेली माणसे मोठ्या, ठळक पट्ट्यांच्या हालचालीची दिशा निरोगी माणसांपेक्षा चांगली ओळखताना आढळली. म्हणजे आजार प्रत्येक गोष्ट वाईटच करतो असे नाही. शेजारच्याला दाबण्याची मेंदूची यंत्रणा सैल पडली की काही कसोट्यांत गुण वाढतात. स्किझोफ्रेनियात हे अधिक ठसठशीत दिसते. मुखवट्याची आतली, खोलगट बाजू आपल्यासमोर धरली तरी आपल्याला तो फुगीर चेहराच दिसतो, कारण आत गेलेले नाक आपल्या मेंदूला मान्य नसते. स्किझोफ्रेनियाचे बरेच रुग्ण या भ्रमाला कमी बळी पडतात, त्यांना खोलगट ते खोलगटच दिसते. जे आहे तेच दिसणे हे वेडाचे लक्षण ठरावे, यात एक उपरोध आहे खरा, पण रुग्णाला त्याचा उपयोग नाही. ओळखीच्या जगाचा अंदाज बांधता न आल्याने त्याला गर्दीत, बाजारात, बसस्टँडवर सगळेच एकदम अंगावर येते.

घरादारावर सगळ्यांत जास्त परिणाम होतो तो चेहरे वाचण्यातल्या फरकाचा, आणि त्याचा पुरावाही सगळ्यांत भक्कम आहे. नैराश्यात असलेल्या माणसाला साधा, निर्विकार चेहरा दुःखी किंवा नाराज वाटतो, आणि हलके हसू त्याच्या नजरेतून निसटते. बायको चहा ठेवून मुकाट्याने निघून गेली, भाऊ रस्त्यात नुसती मान हलवून पुढे गेला, सावकाराचा मुलगा बघून न बघितल्यासारखा गेला. बाकीच्यांना यात काही दिसत नाही, याला त्यात आपली अवहेलना दिसते. ऑक्सफर्डच्या कॅथरीन हार्मर यांनी यात एक महत्त्वाची भर घातली. नैराश्यावरच्या गोळ्यांनी मन हलके व्हायला काही आठवडे लागतात, पण त्यांच्या गटाला आढळले की रिबॉक्सेटिनच्या एका मात्रेनंतरच रुग्णांना आनंदी चेहरे अधिक चांगले ओळखू येऊ लागतात. त्यांचे म्हणणे असे, की औषध आधी पाहणे बदलते आणि मन मागाहून वर येते. बदललेल्या नजरेने माणसांत वावरायला जो वेळ लागतो, तोच त्या आठवड्यांचा वेळ. मला हे पटते, आणि 'पंधरा दिवस झाले, गोळीने काहीच फरक नाही' म्हणून औषध सोडणाऱ्यांच्या घरी हे समजावून सांगायला हवे असे वाटते.

चढाच्या अभ्यासांबद्दल मात्र मी दुसऱ्या बाजूचा आहे. उदास माणसाला टेकडी अधिक उभी दिसते, ओझे घेतलेल्याला चढ मोठा वाटतो, असे काही अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी दाखवले होते. परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढणाऱ्याला ते लगेच खरे वाटेल. पण २०१६ मध्ये चॅझ फायरस्टोन आणि ब्रायन शॉल यांनी अशा सगळ्या प्रयोगांची झडती घेतली आणि दाखवले की बहुतेक ठिकाणी लोकांचे दिसणे बदललेलेच नाही. त्यांचा अंदाज बदलला, किंवा प्रयोगकर्त्याला काय हवे ते त्यांनी ओळखले.

आता नसलेले दिसण्याकडे वळू. इथे वऱ्हाडाचे नुकसान अज्ञानापेक्षा चुकीच्या अर्थाने जास्त होते. रोज पिणाऱ्याची दारू एकदम तुटली, आजारपणामुळे, पैसे संपल्यामुळे किंवा कुणी शपथ घातली म्हणून, तर दोन-तीन दिवसांत थरथर, घाम, ताप आणि डोळ्यांसमोर किडे, उंदीर, साप अशी दृश्ये सुरू होऊ शकतात. ही बाधा नव्हे, डिलिरियम ट्रेमेन्स आहे, आणि उपचार न झाल्यास जीव जाऊ शकतो. पार्किन्सन आणि लुई बॉडी डिमेन्शिया या म्हातारपणच्या आजारांत कोपऱ्यात बसलेली लहान मुले, खोलीत फिरणारी जनावरे दिसतात. बरेचदा रुग्णाला त्यांची भीतीही वाटत नसते. मेळघाटात असे काही झाले की पहिली पायरी भूमका किंवा पडियार या गावच्या मांत्रिक-वैदूंची असते. त्यांना हसण्यात अर्थ नाही. गावात रात्री दोन वाजता तेच उपलब्ध असतात. पण दारू तुटलेल्या माणसाचे दोन दिवस तिथे गेले तर तेच दोन दिवस महागात पडतात.

एक प्रकार तर मानसिक आजारच नाही. १७६० मध्ये स्विस निसर्गशास्त्रज्ञ शार्ल बोने यांनी नव्वदीकडे झुकलेल्या आपल्या आजोबांची हकिगत लिहिली. मोतीबिंदूने नजर गेली होती, बुद्धी शाबूत होती, आणि त्यांना माणसे, पक्षी, इमारती दिसत. आजोबांना ते खरे नाही हे पक्के ठाऊक होते. डोळ्यांकडून माहिती येणे थांबले की मेंदू स्वतःच चित्रे तयार करतो. आज याला शार्ल बोने सिंड्रोम म्हणतात. मोतीबिंदू पिकलेल्या, काचबिंदूने नजर गेलेल्या म्हाताऱ्यांची संख्या आपल्याकडे लहान नाही, तेव्हा हे अनुभवही विरळ असणार नाहीत. पण 'याड लागलं' म्हणतील या धास्तीने म्हातारे माणूस बोलत नाही. 'हे डोळ्यांमुळे आहे, डोक्यामुळे नाही' एवढे सांगितले तरी निम्मा भार उतरतो.

मन आणि नजर दोन्ही एकाच वेळी बिघडवणाऱ्या काही गोष्टी इथल्या शेतात आणि ताटात आहेत. बी-१२ या जीवनसत्त्वाच्या कमतरतेने उदासी येते, विस्मरण होते आणि दृष्टीची नसही क्षीण होते. शाकाहारी घरांत ती सर्रास असते आणि साध्या इंजेक्शनांनी भरून निघते. तंबाखू आणि दारू मिळून मधली नजर आणि लाल रंगाची जाण हळूहळू खातात. तंबाखूचा खर्रा चघळत 'डोळ्याला बरं नाही' सांगणाऱ्याला खर्ऱ्याबद्दल विचारलेच पाहिजे.

आणि फवारणी. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना वीसहून अधिक शेतकरी-शेतमजुरांचा जीव गेला, शेकडो रुग्णालयात दाखल झाले, शेजारच्या जिल्ह्यांतही रुग्ण निघाले. त्या वेळी वापरात असलेल्या प्रोफेनोफॉससारख्या ऑर्गॅनोफॉस्फेट विषांनी बाहुली टाचणीच्या टोकाएवढी आकसते. डोळ्यात उजेड कमी शिरतो, दूरचे अस्पष्ट होते, भर दुपारी संध्याकाळ झाल्यासारखे वाटते. अशी तक्रार कपाशीच्या हंगामात आली तर आधी बाहुली पाहायची, मग बाकीचे. याच वर्गातल्या विषांशी वर्षानुवर्षे संबंध आलेल्या शेतकऱ्यांत नैराश्याचे प्रमाण अधिक असल्याचे वेगवेगळ्या देशांतल्या अभ्यासांत आढळले आहे. कर्ज, नापिकी आणि बोंडअळी यांच्या जोडीला फवारणी पंपाचाही विचार करायला तेवढे कारण पुरेसे आहे.

औषधांचीही बाजू सांगायला हवी. स्वस्त आणि जुनी असल्याने अॅमिट्रिप्टिलिन खेड्यापाड्यांत भरपूर दिली जाते. ती बाहुली रुंद करते, जवळचे अस्पष्ट करते, तोंड कोरडे पाडते; ज्यांच्या डोळ्याचा कोन अरुंद आहे त्यांना काचबिंदूचा तीव्र झटकाही येऊ शकतो. सुईत दोरा ओवता येईना म्हणून बाई गोळी बंद करते आणि आजार परत येतो. आधीच सांगितले असते, मात्रा बदलली असती किंवा दुसरी गोळी दिली असती तर हे टळले असते.

आतापर्यंत मनाकडून डोळ्याकडे जाणारा रस्ता पाहिला. उलटा रस्ता माझ्या मते जास्त रुंद आहे आणि त्यावर करण्यासारखेही जास्त आहे. नेत्ररुग्णालयांत येणाऱ्या दृष्टी अधू झालेल्या रुग्णांपैकी साधारण चौघांमागे एकाला नैराश्य असते, असा २०२१ मधल्या एका मोठ्या आढाव्याचा निष्कर्ष आहे. भारतात पन्नाशीपुढच्या अंधत्वाचे सर्वांत मोठे कारण मोतीबिंदू. २०१५ ते २०१९ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात त्याचा वाटा ६६ टक्के निघाला. आणि मोतीबिंदू काढल्यावर नैराश्याची लक्षणे कमी होतात, हे अनेक देशांत दिसले आहे. मेळघाटात धारणी तालुक्यातल्या उतावलीत 'महान' संस्थेच्या रुग्णालयात डॉ. आशिष सातव आणि नेत्रतज्ज्ञ डॉ. कविता सातव कोरकू आदिवासींच्या गावांसाठी काम करतात. तिथे झालेली मोतीबिंदूची शस्त्रक्रिया ही नकळत मानसिक आरोग्याचीही सेवा असते, जरी अहवालात ती तशी लिहिली जात नसली तरी. अडचण अशी की नैराश्यातला म्हातारा ऑपरेशनलाच येत नाही. 'आता किती दिवस राहिले, कायले डोये पायजे' हे उत्तर वैराग्याचे मानून घरचे सोडून देतात. ते नैराश्याचे असू शकते.

म्हणून मागणी साधी आहे. नेत्रशिबिरांत स्नेलनच्या पाटीशेजारी फिकट होत जाणाऱ्या चिन्हांची एक पाटी असावी. पेली आणि रॉब्सन यांनी १९८८ मध्येच तशी केली आहे, आणि अक्षरओळख नसलेल्यांसाठी चित्रांच्या पाट्याही मिळतात. ज्याला बारीक दिसते पण फिकट दिसत नाही, त्याची साखर, बी-१२, काचबिंदू आणि मोतीबिंदू तपासावेत. आणि दोन प्रश्न विचारावेत: गेल्या दोन आठवड्यांत कशातच गोडी वाटत नाही असे झाले का, मन खचल्यासारखे किंवा निराश वाटले का. हे दोन प्रश्न जगभर प्राथमिक तपासणीत वापरले जातात आणि आशाताईलाही विचारता येतात. उत्तर 'हो' आले तर समुपदेशकाचे टेबल त्याच शिबिरात, त्याच दिवशी हवे, किंवा निदान टेली-मानसचा १४४१६ हा क्रमांक तिथल्या तिथे लावून द्यावा. 'पुढच्या सोमवारी अमरावतीला या' असे सांगितले की धारणीची बाई येत नाही. एका दिवसाची मजुरी बुडते, सोबत कुणी लागते, आणि घाट उतरून जायचे ते डोळ्यांसाठी असेल तर घरचे तयार होतात, मनासाठी होत नाहीत.